ट्रे पार्सलने येतो, डॉक्टर येत नाही

धाराशिव,
नोव्हेंबर २०२५

प्रिय सखे,



जानेवारीत येतेयस हे वाचून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. सासूबाईंनी तर आतापासून शेंगदाण्याची चटणी कुटायची यादी करायला घेतलीय. तुझ्या पत्रातला दुसरा मुद्दा मात्र मला स्वस्थ बसू देईना. मँचेस्टरला अलाइनरचा, म्हणजे दात सरळ करणाऱ्या प्लॅस्टिकच्या काढत्या-घालत्या ट्रेंचा, खर्च ऐकून तुम्ही दोघं दचकलात. म्हणून सुट्टीत इथे यायचं, दातांचं माप द्यायचं, सगळे ट्रे एकदम बनवून घ्यायचे आणि पेटी भरून विमानात बसायचं, असा तुझा बेत आहे. ‘तू लावतेसच, तर तुझ्या डॉक्टरांना विचारून ठेव,’ असंही लिहिलंयस. विचारलं. आणि मी स्वतः सुरू करण्याआधी जे वाचलं, समजून घेतलं, तेही तुला सांगायचं आहे. फोनवर ते सगळं मावणार नाही.

उत्तर आधीच सांगून टाकते. दात सरळ करून घे, नक्की घे. अलाइनरनेच घे. पण ते जिथे राहतेस तिथल्या डॉक्टरांकडे घे. सुट्टीतून पेटी घेऊन जाऊ नकोस. आता का, ते सविस्तर ऐक.

आधी इकडची खुशाली. सप्टेंबरातल्या पावसाने परंडा-भूमकडे फार हाल केले. नदीकाठची घरं पाण्यात गेली, जनावरं गेली, सोयाबीन उभ्या शेतात कुजलं. लोक अजून सावरताहेत. रब्बीची ज्वारी मात्र पेरून झालीय, जमिनीत ओल भरपूर आहे, त्यामुळे तू येशील तेव्हा हुरडा चांगला असेल असं सगळे म्हणतात. आणि हो, हुरडा, ऊस, कडक भाकरी हे सगळं मला खाता येतं, कारण जेवताना ट्रे काढून ठेवायचा असतो. आमच्या शेजारच्या मुलीला तारा लावल्यात, तिला डॉक्टरांनी ऊस आणि चिक्कीला साफ नाही म्हणून सांगितलंय. दातावर चिकटवलेली क्लिप कडक घास लागला की निघते, मग पुन्हा चिकटवायला जावं लागतं.

तुला आठवतं, आपल्या लहानपणी दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा. दातावर दात आला तरी घरचे म्हणायचे, ‘दुखत नाही ना, मग राहू दे.’ वेडेवाकडे दात हा आजार नव्हताच कुणाच्या लेखी. मात्र मुलगी लग्नाची झाली की त्याच दातांची चर्चा व्हायची. ‘बाकी सगळं चांगलं आहे, दात तेवढे पुढे आहेत’ हे वाक्य आपल्या वर्गातल्या किती जणींच्या घरी बोललं गेलं असेल! हसताना तोंडावर ओढणी धरायची सवय कितीतरी मुलींना तिथूनच लागली. मला त्याचा आजही राग येतो. पुढे आलेले दात हा कुणाचा दोष नाही, आणि कुणा पोरीने त्यापायी हसणं आवरावं असं तर त्यात काहीच नाही.

मग या वयात मी हे का करतेय? सासूबाईंनीही विचारलं, ‘आता कशाला गं बाई हे?’ कारण साधं आहे. माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत, तिथे ब्रश पोचत नाही. फटीत किटण साचतं, हिरड्यांतून रक्त येतं, आणि चाळिशीनंतर हिरड्यांचं दुखणं सुरू झालं की दात हलायला वेळ लागत नाही. आपल्याकडे हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात पाहायला मिळतंच. सासूबाईंच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर मिशरी लावली. तंबाखूने हिरड्या खराब होत गेल्या आणि दाढा एकेक करून गेल्या. कीड नसलेले दातसुद्धा गेले. दात सरळ असले की ते साफ ठेवणं सोपं जातं, यासाठी मी हा खर्च करतेय. कुणी दिसण्यासाठी केला तरी त्यात गैर काही नाही. बाईने स्वतःच्या तोंडासाठी पैसे खर्च करणं ही चैन आहे, असं मात्र मी कुणालाही म्हणू देणार नाही.

आता हे काम करतं कसं ते सांगते, कारण पेटीचं उत्तर त्यातच आहे.

दात जबड्याच्या हाडात सिमेंटमध्ये बसवल्यासारखा घट्ट नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचं एक पातळ आवरण असतं, त्याच्या आधाराने तो हाडात उभा असतो. दातावर एका बाजूने हलका दाब सतत राहिला की दाब पडतो त्या बाजूचं हाड शरीर हळूहळू विरघळवतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरत जातं. हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या, घडवणाऱ्या वेगळ्या. ओल्या मातीतला खुंटा रोज थोडा थोडा रेटला तर सरकतो आणि मागची माती बसत जाते, जोराने हाणला तर मोडतो, तसंच हे आहे. म्हणून घाई चालत नाही. दाब जास्त झाला तर मुळं झिजू शकतात, हिरडी मागे सरकू शकते.

अलाइनरचा एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर इतकाच सरकवतो. तो सहसा आठवडा ते दोन आठवडे लावायचा, मग पुढच्या नंबरचा. दिवसातले वीस ते बावीस तास तोंडात हवा. फक्त खाताना, पाण्याशिवाय काही पिताना आणि दात घासताना काढायचा. प्रत्येक नवा ट्रे पहिल्या दिवशी आवळतो, दोन-तीन दिवसांत सैल वाटू लागतो. काही दातांवर डॉक्टर दाताच्याच रंगाचे बारीक ठिपके चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. गुळगुळीत दातावर प्लॅस्टिकला पकड मिळत नाही, ती या ठिपक्यांमुळे मिळते. फिरलेला सुळा वळवायचा तर ते लागतातच. आणि जागा कमी असेल तर दोन दातांमध्ये बारीक पट्टी फिरवून मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं इनॅमल घासतात. ऐकायला भीती वाटते, पण हिशेबाने केलं तर सुरक्षित आहे. पण तो हिशेब कुणी करायचा? हे काम कुरिअरवाला करू शकत नाही, आणि तू आरशासमोर बसून करू शकत नाहीस.

हे ट्रे बनतात तेही मजेशीर आहे. पूर्वी तोंडात गार लगदा भरून माप घ्यायचे, त्याने उमासे यायचे. आता पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि समोरच्या पडद्यावर आपला अख्खा जबडा उभा राहतो. त्यावर डॉक्टर एकेक दात कुठून कुठे आणि कोणत्या क्रमाने न्यायचा ते ठरवतात. मग प्रत्येक टप्प्याचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापतात, तापवून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा त्यावर दाबून बसवतात आणि कडा कापून गुळगुळीत करतात. जितके टप्पे तितके साचे. मला पडद्यावर माझे दात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकताना दाखवले तेव्हा खरंच भारी वाटलं. पण डॉक्टरांनी तिथेच सांगितलं, ‘ही योजना आहे. तुमचं हाड या चित्राप्रमाणेच वागेल असं नाही.’ हे वाक्य तू लक्षात ठेव.

दात सरळ करायची धडपड जुनी आहे. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच डॉक्टरांनी आपल्या ग्रंथात भोकं पाडलेली धातूची पट्टी दाखवली होती, तिला दोऱ्याने दात बांधायचे. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. आजही डॉक्टर केसपेपरवर ‘क्लास वन’, ‘क्लास टू’ लिहितात ते त्यांचंच. १९४५ मध्ये हॅरोल्ड केसलिंग यांनी रबराचा एक साचा बनवला. तारा काढल्यावर दातांची उरलीसुरली थोडी हालचाल तो करून घ्यायचा. असे साचे एकामागून एक दिले तर मोठे बदलही करता येतील हे त्यांना तेव्हाच सुचलं होतं. पण प्रत्येक टप्प्याचा साचा हाताने घडवणं फार किचकट काम होतं, ते कॉम्प्युटर येईपर्यंत थांबलं. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियात कंपनी काढली. दोघंही दातांचे डॉक्टर नव्हते. चिश्तींनी मोठेपणी तारा लावल्या होत्या. नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावायचा राहिला की दात सरकतात आणि पुन्हा लावला की जागेवर येतात, हे त्यांनी स्वतःच्या तोंडात पाहिलं होतं. त्यातून इनव्हिजलाइन हे अलाइनर निघालं.

त्या कंपनीच्या मुख्य पेटंटांची मुदत २०१७ पासून संपत गेली आणि जगभर नवे कारखाने उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रातही. मुंबईत २०१८ मध्ये टूथसी ही अलाइनर कंपनी सुरू झाली. मीरा रोड आणि बोईसरला कारखाने असलेली लक्ष्मी डेंटल ‘इल्युजन’ नावाने अलाइनर बनवते, ती २०२५ च्या जानेवारीत शेअर बाजारातही आली. म्हणजे जे ट्रे पूर्वी बहुतेक परदेशातून यायचे ते आता मुंबईच्या आसपास बनतात, म्हणून भाव थोडे आवाक्यात आलेत. मी कुठल्या कंपनीची शिफारस करत नाही. कारखाना कोणताही असो, योजना कुणी तपासली हे महत्त्वाचं.

इथे तुझ्या पेटीचा प्रश्न येतो. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी होती, २०१४ मध्ये निघालेली. घरी माप घ्यायचं साहित्य पाठवायचं, आलेल्या मापावरून ट्रे टपालाने पाठवायचे, असा तिचा धंदा. ती तुमच्या ब्रिटनमध्येही आली होती. २०२३ च्या सप्टेंबरात तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरात दुकान बंद केलं. ज्यांचे ट्रे निम्म्यावर होते ते निम्म्यावरच राहिले. अर्धवट सरकलेला दात घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेलं तर त्यांनाही सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं. पैसे जातात ते जातात, वरून वेळही जातो.

आणि कंपनी बुडाली नाही तरी अडचण येतेच. दहाव्या ट्रेला एक सुळा मागे राहिला, ट्रे आणि दात यांच्यामध्ये फट दिसू लागली, तर पुढचे ट्रे बसतच नाहीत. तेव्हा पुन्हा स्कॅन करून उरलेली योजना नव्याने आखावी लागते. याला रिफाइनमेंट म्हणतात आणि ते अपवादाने होतं असं नाही, बऱ्याच जणांना एकदा तरी लागतं. ठिपका निघाला तर तो पुन्हा बसवावा लागतो. तू मँचेस्टरला, डॉक्टर धाराशिवला, मग कोण बसवणार? तिथला डॉक्टर दुसऱ्याने आखलेल्या योजनेची जबाबदारी घेईल असं नाही. माझ्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, ‘ट्रे हे माझ्या योजनेचे तुकडे आहेत. मला तोंड दिसत नसेल तर मी पुढचा तुकडा कशाच्या भरवशावर देऊ?’

मग तू म्हणशील, धाराशिवसारख्या ठिकाणी तरी हे कसं जमतं? इथे जमतं, त्यालाही कारण आहे. दात सरळ करणारे तज्ज्ञ आपल्याकडे अजून कमी. बीडीएसची चार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, त्यावर तीन वर्षं एमडीएस, असं त्यांचं शिक्षण. ते बहुतेक सोलापूर, लातूर, पुण्याला राहतात आणि ठरलेल्या वारी इथल्या दवाखान्यांत येतात. तारा लावल्या की टोचली तार, निघाली क्लिप असं मध्येच होतं, आणि उमरग्याच्या किंवा कळंबच्या माणसाला दिवस मोडून धावावं लागतं. अलाइनरमध्ये असली अचानक धावपळ कमी. दोन-तीन महिन्यांचे ट्रे हातात देतात, मधल्या काळात फोटो मागवतात. लांबच्या गावातल्या माणसाला ही मोठीच सोय आहे. पण तपासणी, क्ष-किरण, ठिपके आणि ठरावीक दिवसांनी तोंड दाखवणं हे सगळं समोरासमोर होतं. गाडीने दीड-दोन तासांचं अंतर आणि विमानाचं अंतर यात हाच फरक आहे.

इथे राहणाऱ्यांकडे पैसे कमी असतील तर शासकीय दंत महाविद्यालयांचा रस्ता खुला आहे. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथे तारांचे उपचार खाजगीपेक्षा पुष्कळच स्वस्तात होतात, फक्त नंबर आणि वेळ काढावा लागतो.   खाजगीत इथे तारांना साधारण तीस ते साठ हजार आणि अलाइनरला लाखाच्या आगेमागे ते दोन-अडीच लाख असे आकडे कानावर येतात. म्हणून मी शिकवते त्या शाळेतल्या मुलींच्या आयांना नेहमी सांगते की तारा जुन्या झाल्या म्हणून वाईट नाहीत. दात काढून मोठी जागा भरायची असेल, सुळा हाडात अडकला असेल, दात फार फिरलेला असेल, तर तारांनी काम जास्त खात्रीने होतं. जबड्याचीच ठेवण मागेपुढे असेल तर मोठ्या माणसाला नुसत्या ट्रेने किंवा नुसत्या तारांनी भागत नाही, शस्त्रक्रियाही लागू शकते. थोडी गर्दी, थोड्या फटी, पूर्वी तारा लावून पुन्हा सरकलेले दात, हे अलाइनरचं खास क्षेत्र.

आता रोजचं सांगते, कारण अलाइनरची खरी परीक्षा दवाखान्यात होत नाही, घरात होते. तारा डॉक्टर लावतात, आपल्याला काढता येत नाहीत, म्हणून त्यांची शिस्त आपोआप पाळली जाते. ट्रेची शिस्त आपल्या हातात. आणि आपल्या गावाकडे या शिस्तीला सर्वात मोठी अडचण कुणाची असेल तर चहाची! कुणाच्याही घरी जा, ‘घोटभर घ्या’ ठरलेलं. ट्रे घालून चहा घेतला तर तो पिवळा पडतो, गरम चहाने वाकतो, आणि सर्वात वाईट म्हणजे गोड पाणी ट्रेच्या आत दाताला चिकटून राहतं. एरवी लाळ तोंड धूत असते, ट्रेखाली ती पोचत नाही. जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि इनॅमल पोखरतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली ती हस्तिदंती बाहुली आठवते ना, सातवाहन काळातली? हस्तिदंत म्हणजे दातच, आपल्या इनॅमलखाली जे डेंटिन असतं तेच त्यात असतं. मातीखाली ते दोन हजार वर्षं टिकलं. आपल्या तोंडातला जिवंत दात मात्र साखर आणि निष्काळजीपणा मिळून वर्षा-दोन वर्षांत पोकळ करतात.

म्हणून मी चहा ठरलेल्या वेळांनाच घेते, सकाळी आणि शाळेतून आल्यावर. मधल्या वेळी कुणी आग्रह केला तर पाणी मागते. लोक आधी चकित होतात, मग ‘दाखवा बघू’ म्हणतात, आणि निम्म्या वेळा त्यांच्या मुलामुलींच्या दातांचे प्रश्न निघतात. नवरात्रात उपवासाला येणारजाणार पुष्कळ असतात, तिथे चहा आणि साबुदाणा दोन्ही जपून. साबुदाणा दातांत फार चिकटतो, चूळ भरल्याशिवाय ट्रे चढवायचाच नाही. पर्समध्ये डबी, छोटा ब्रश आणि पाण्याची बाटली कायम. एसटीत, शाळेत, लग्नात, कुठेही.

लग्नाच्या पंगतीचं तर वेगळंच सांगायला हवं. जेवायला बसताना ट्रे रुमालात किंवा कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा नाही. जगभर ट्रे हरवायचं सर्वात मोठं कारण हेच सांगतात, की उष्ट्याबरोबर तो कचऱ्यात जातो. तो डबीतच गेला पाहिजे. हरवलाच तर पुढचा घालायचा नाही, आधीचा घालायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. म्हणून जुना ट्रे लगेच फेकायचा नाही. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, गाडीच्या काचेजवळ ठेवलेला ट्रे उन्हाने वाकतो. धुवायचा तोही गार किंवा कोमट पाण्याने, मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने. टूथपेस्टने घासला तर त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. तुमच्याकडे थंडी, पण तुझी गरम पाण्याने सगळं धुवायची सवय मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बोलण्याचं म्हणशील तर सुरुवातीचे काही दिवस ‘स’ आणि ‘च’ थोडे सटकतात. मी वर्गात मोठ्याने धडे वाचत राहिले, जीभ सरावली. मुलींनी विचारलं तेव्हा ट्रे काढून दाखवला आणि विज्ञानाच्या तासाला हाड कसं विरघळतं, कसं घडतं ते सांगितलं. त्या दिवशी त्या तासाला एकही पोरगी कंटाळली नाही. दोघी-तिघींनी नंतर येऊन हळूच विचारलं, ‘बाई, आमचेही होतील का?’ होतील, म्हटलं, आणि आधी ब्रश नीट करा.

हो, आणखी एक. हे सगळं संपलं की संपत नाही. नव्या जागेवर आलेल्या दाताभोवतीचं हाड घट्ट व्हायला वेळ लागतो, तंतू त्याला मागे ओढत राहतात. म्हणून शेवटी रिटेनर, आधी बराच काळ दिवसरात्र, मग रात्रीचा, आणि बरेच डॉक्टर तो वर्षानुवर्षं चालू ठेवायला सांगतात. खर्च विचारशील तेव्हा रिटेनरचाही विचार.

आता तुझ्यासाठी. मँचेस्टरला ज्यांच्याकडे जाशील त्यांचं नाव तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलच्या तज्ज्ञ ऑर्थोडॉन्टिस्टांच्या यादीत आहे का ते आधी बघ. आपल्याकडे जशी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असते, तशी तिकडे त्यांची. मग त्यांना विचार: माझ्या हिरड्या आणि हाड तपासलं का, क्ष-किरण घेतला का, तारा आणि अलाइनर यांत माझ्यासाठी काय बरं आणि का, इनॅमल घासावं लागेल का, किती ट्रे, रिफाइनमेंटचे पैसे याच रकमेत धरलेत का, रिटेनरचे धरलेत का, आणि मध्येच मी दुसऱ्या शहरात गेले तर काय. तुला मधुमेह असेल तर तो आटोक्यात हवा, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कसली गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांग. त्यातली काही औषधं हाडाची झीज थांबवतात आणि दात सरकायला तीच झीज लागते. पैसे हप्त्याने देता येतात का तेही विचार, बहुतेक ठिकाणी देता येतात.

जानेवारीत इथे आलीस की दात साफ करून घे, कीड असेल तर भरून घे, अक्कलदाढ त्रास देत असेल तर दाखव. एवढं सुट्टीत होतं आणि स्वस्तातही होतं. मुळात अलाइनर सुरू करण्याआधी ही कामं झालेलीच हवीत. तितकी बचत इथे कर, उरलेला खर्च तिथल्या डॉक्टरवर कर. तो पैसा प्लॅस्टिकचा नाही, तुझ्या तोंडावर नजर ठेवणाऱ्या माणसाचा आहे.

तिथल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला सविस्तर कळव. योजनेचा व्हिडिओ दिला तर तोही पाठव, मी माझ्या डॉक्टरांना दाखवून त्यांचं मत विचारते. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सासूबाई विचारतायत, काळा मसाला किती किलो बांधू?

तुझी,
मैत्रीण

ता. क. लेकाबद्दल लिहायचं राहिलंच. तो अकरा वर्षांचा झाला ना? वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. हिरडीवर बोट फिरवून दोन्ही बाजूंना सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो का, हे तुमच्या दंतवैद्याला आत्ताच बघायला सांग. लागत नसेल तर सुळा आत अडकलेला असू शकतो, आणि लवकर कळलं तर वाट मोकळी करून देणं सोपं जातं. तुमच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत अठरा वर्षांच्या आतल्या मुलांचे दात, गरज खरी ठरली तर, मोफत सरळ करतात. त्या यादीत नाव लागायला वेळ जातो असं ऐकते, तेव्हा स्वतःच्या आधी त्याची वेळ घे.